गोळ्या आणि थेरपीशिवाय नैराश्य: कोणता उपाय कुठवर पुरतो

या निर्णयापाशी मी दोनदा आले. पहिल्या वेळी गोळ्या घेतल्या नाहीत, कुठल्या काउन्सेलरकडेही गेले नाही, आणि चार-साडेचार महिन्यांत सावरले. पाच वर्षांनी दुखणं परत आलं तेव्हा तेच सगळं पुन्हा करून पाहिलं आणि तीन आठवड्यांत हातपाय गळाले. मग डॉक्टर, गोळ्या, आणि त्यांच्या आधाराने बरी झाले. माणूस तेच, घर तेच, उपायही तेच होते. बदलली होती ती दुखण्याची खोली, आणि दुसऱ्या वेळी ती खोली मोजणारा आकडा डोळ्यांसमोर असूनही मी तो मानला नव्हता.

औषध-थेरपी नको वाटण्याची कारणं खरी असतात. कुणाला दुष्परिणामांची धास्ती वाटते, कुणाला खर्च झेपत नाही, कुणाच्या जवळपास तज्ज्ञच नाही, कुणाला घरात कळू द्यायचं नाही. कुणाला आधी स्वतःच्या बळावर करून बघायचं असतं. यातल्या कुठल्याही कारणासाठी कुणाला बोल लावावा असं मला वाटत नाही. पण उपाय निवडताना 'चांगला कोणता' एवढंच विचारून भागत नाही. या उपायांना जे लागतं तेच नैराश्य आधी काढून घेतं: उठायची ताकद, ठरवलेलं निभावणं, उद्याची थोडीफार आस. म्हणून प्रत्येक उपायाला मी तीन प्रश्न लावते. सुरू करायला किती बळ लागतं? फरक दिसायला किती दिवस जातात? आणि तो दगा कुठे देतो?

आधी आकडा काढा

पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची यादी आहे. २००१ साली ती प्रसिद्ध झाली आणि आज जगभरचे डॉक्टर ती वापरतात. मागच्या दोन आठवड्यांत मन किती वेळा उदास होतं, कशात रस वाटला का, झोप, भूक, थकवा, लक्ष लागणं, असे प्रश्न. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. ५ ते ९ म्हणजे सौम्य, १० ते १४ मध्यम, १५ ते १९ मध्यम ते तीव्र, २० आणि पुढे तीव्र. यातून निदान होत नाही, ते डॉक्टरच करतात. पण आपण कुठे उभे आहोत हे कळतं. पहिल्या वेळी माझे १२ आले होते, दुसऱ्या वेळी १९.

नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याचं उत्तर शून्य नसेल तर खालची तुलना आत्ता तुमच्यासाठी नाही. आजच कुणाला तरी मोकळेपणाने सांगा, डॉक्टरांकडे किंवा तुमच्या भागातल्या हेल्पलाइनकडे जा. विचार अंगावर धावून येत असतील तर एकटं राहू नका, थेट तातडीच्या विभागात जा. आणि ज्या गोष्टीने इजा होऊ शकते ती घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात द्या. आवाज ऐकू येणं, खाणंपिणं जवळपास बंद होणं, बाळंतपणानंतरची खोल उदासी, किंवा पूर्वी कधी कित्येक दिवस झोपेशिवाय बेफाम उत्साहात गेले असणं, यातलं काही असेल तरी घरचे उपाय पुरणार नाहीत. आणि आधीपासून गोळ्या चालू असतील तर हा लेख वाचून त्या बंद करू नका. अचानक सोडल्या तर चक्कर, घाबरेपणा, झोपमोड होऊ शकते. कमी करायच्याच असतील तर डॉक्टरांशी बोलून, हळूहळू.

आणखी एक. गोळ्या-थेरपी नको असली तरी रक्ततपासणीला नाही म्हणू नका. थायरॉइड मंद असणं, रक्त कमी असणं, बी-१२ घटणं, काही औषधांचा परिणाम, यांनीही माणूस असाच दिसतो. थायरॉइड कमी असलेली व्यक्ती वर्षभर नेमाने चालत राहिली तरी तिचा थकवा जाणार नाही.

सौम्य बाजूला असाल तर गोळ्यांआधी दुसरं काही करून पाहणं हा हट्ट ठरत नाही. ब्रिटनमधल्या 'नाइस' या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की कमी तीव्रतेच्या नैराश्यात गोळ्या सरसकट पहिला उपाय म्हणून देऊ नयेत. रुग्णालाच त्या हव्या असतील तर गोष्ट वेगळी. २०१० साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका विश्लेषणातही हेच दिसलं होतं. सौम्य-मध्यम नैराश्यात गोळी आणि खोटी गोळी यांत फरक नगण्य, आणि दुखणं जितकं खोल तितका खऱ्या गोळीचा फायदा मोठा. १२ आणि १९ मधलं अंतर मला पुढे जगून कळलं, पण या विश्लेषणात ते आधीच लिहिलेलं होतं.

काहीच न करणं

हाही एक पर्याय आहे, आणि बहुतेक जण न ठरवता हाच निवडतात. उपचार न घेतलेल्या रुग्णांवरच्या अभ्यासांचा २०१३ मधला एकत्रित अंदाज असा: तीन महिन्यांत साधारण २३ टक्के आपोआप बरे होतात, सहा महिन्यांत ३२ टक्के, वर्षभरात ५३ टक्के. म्हणजे नैराश्य बरंच वेळा स्वतःहून ओसरतं, हे खरंच आहे. पण वर्षानंतरही शंभरातले जवळपास निम्मे तिथेच असतात, आणि त्या वर्षात नोकरी, अभ्यास, लग्न, मैत्री यांचं जे व्हायचं ते होऊन जातं. पुढचा प्रत्येक उपाय या आकड्यांशेजारी ठेवून पाहायचा.

चालणं-व्यायाम आणि वहीतला दिवस

खरी तुलना या दोघांत आहे, म्हणून इथे थोडी थांबते.

व्यायामाच्या बाजूने पुरावा भरपूर आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात पन्नाशी ओलांडलेल्या १५६ रुग्णांचे तीन गट केले होते: एकाला व्यायाम, एकाला सर्ट्रालीन ही नैराश्याची गोळी, एकाला दोन्ही. १९९९ साली निष्कर्ष आले. सोळा आठवड्यांनंतर तिन्ही गट साधारण सारखेच सुधारले होते. सुरुवातीला मात्र गोळ्यांचा गुण लवकर आला. दहा महिन्यांनी पाहिलं तर व्यायामाने बरे झालेल्यांत दुखणं उलटण्याचं प्रमाण कमी होतं. २०२४ मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकाने २१८ चाचण्या आणि १४,१७० लोकांचा एकत्र आढावा छापला. त्यात चालणं-धावणं, योगासनं आणि वजनं उचलण्याचे व्यायाम वर आले, आणि दम लागेल असा व्यायाम जास्त गुणाचा ठरला. मात्र चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात फक्त सर्वांत काटेकोर चाचण्या धरल्या तेव्हा फायदा बराच लहान झाला होता. आपण व्यायाम करतोय हे करणाऱ्याला ठाऊक असतं, त्यामुळे आशेचा वाटा वेगळा काढता येत नाही. माझं मत, उपाय खरा आहे. फक्त ऐकिवात असतो तेवढा जादूचा नाही.

आता बळाचा प्रश्न. मला तो मोज्यापाशी भेटला. सकाळी पलंगाच्या कडेवर बसायचे, एक मोजा पायात, दुसरा हातात. घड्याळाकडे पाहिलं तर वीस मिनिटं गेलेली असायची. त्या वीस मिनिटांत मी काही विचार करत होते असंही नाही. हात हलत नव्हता, एवढंच. 'रोज अर्धा तास चाला' हे वाक्य लिहिणाऱ्याला मोजा आणि दार यांच्यामधलं हे अंतर दिसत नाही. आणि ड्यूकच्या अभ्यासाबद्दल सांगताना एक गोष्ट हमखास गळते: तिथले लोक आठवड्यातून तीनदा एकत्र येऊन, देखरेखीखाली व्यायाम करत होते. न गेल्यास कुणाच्या तरी लक्षात येत होतं.

दुसरा उपाय बाहेरून फार साधा दिसतो. इंग्रजीत त्याला बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात; मी त्याला वहीतला दिवस म्हणते. पीटर लेविन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात मांडलेली कल्पना अशी: उदास माणूस एकेक गोष्ट सोडत जातो, त्यामुळे बरं वाटण्याच्या संधीच उरत नाहीत, म्हणून तो आणखी उदास होतो, आणखी सोडतो. हे चक्र करण्याच्या बाजूने उलटं फिरवायचं. मन तयार होण्याची वाट बघायची नाही. वेळ ठरवायची, काम अगदी लहान ठेवायचं, आणि झाल्यावर दोन आकडे लिहायचे: बरं किती वाटलं, जमलं किती.

माझ्या वहीतलं पहिलं पान अजून आहे. 'सकाळी ७:४० खिडकी उघडली. बरं ०, जमलं २. दुपारी १ ताट घासलं. बरं ०, जमलं ४. संध्याकाळी ६ मावशीला फोन, तीन मिनिटं. बरं ३, जमलं ६.' बरं वाटण्याच्या रकान्यातला तो ३ हा शून्याबाहेरचा पहिला आकडा होता. फोन करण्याआधी मी शपथेवर सांगितलं असतं की यातून काही होणार नाही. नैराश्यात आपला अंदाज असाच चुकत राहतो. वहीमुळे ती चूक आपल्याच अक्षरात समोर येते.

या पद्धतीचा पुरावाही भक्कम आहे. इंग्लंडमधल्या ४४० जणांच्या चाचणीत (२०१६) कमी प्रशिक्षण असलेल्या मानसिक आरोग्य कर्मचाऱ्यांनी दिलेलं हे तंत्र, अनुभवी थेरपिस्टनी दिलेल्या सीबीटीच्या (विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या थेरपीच्या) तोडीस तोड ठरलं. अर्थात तिथे समोर माणूस होता, म्हणजे ती थेरपीच होती. आपण घरी करतो तो तिचा सांगाडा. गुण थोडा कमी येणार, हे धरून चालावं.

शेजारी ठेवून बघितलं तर वही फार कमी बळात सुरू होते. खिडकी उघडायला मोजा लागत नाही. व्यायामाचा परिणाम मात्र शरीरावरही होतो, झोप सुधारते, आणि नेम बसला की काही आठवड्यांत तो वहीपेक्षा ठळक जाणवतो. वही दगा देते ती दोन ठिकाणी. एक, यादी लांबली की. दहा कामं लिहून दोन झाली तर संध्याकाळी ती यादी आरोपपत्रासारखी वाटते. दुसरं, त्यात नुसती कर्तव्यं भरली की. भांडी, बिलं, ऑफिसचे मेल झाले तरी बरं वाटण्याच्या रकान्यात शून्यच राहतं. पूर्वी जीव रमायचा असं रोज एक तरी त्यात हवं, भले दहा मिनिटांचं. व्यायाम दगा देतो तो खंड पडल्यावर. चार दिवस चुकले की मन म्हणतं, बघ, हेही जमलं नाही तुला.

दोन्हींतून एकच निवडायचं असेल आणि आकडा १० च्या पुढे असेल, तर मी वही निवडेन. चालणं तिच्यातच एक ओळ म्हणून येऊ द्यावं: 'बूट घालून दारापर्यंत.' पुढच्या आठवड्यात कोपऱ्यापर्यंत.

झोप आणि उजेड

झोप न लागणं हे नैराश्याचं लक्षण तर आहेच, पण ते कारणही होतं. निद्रानाश असलेल्यांना पुढे नैराश्य येण्याचा धोका सुमारे दुप्पट असतो. इथे सर्वांत कामाचा नियम सर्वांत नकोसा आहे: रात्र कशीही गेली तरी उठायची वेळ एकच. अंथरूण फक्त झोपेसाठी, झोप येत नसेल तर उठून दुसरीकडे बसायचं, दिवसा लोळायचं नाही. पहिला आठवडा अंगावर येतो. दोन-तीन आठवड्यांत बहुतेकांची झोप जुळायला लागते.

उजेडाबद्दल लोक फारसं बोलत नाहीत, पण पुरावा चांगला आहे. हिवाळ्यात येणाऱ्या नैराश्याचं वर्णन १९८४ मध्ये झालं तेव्हापासून प्रखर दिव्याचा उपचार वापरात आहे. आज तो सहसा असा घेतात: सकाळी अर्धा तास, १०,००० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप). ऋतूशी संबंध नसलेल्या नैराश्यातही तो चालतो, हे १२२ जणांच्या आठ आठवड्यांच्या चाचणीत (२०१६) दिसलं. घरातला उजेड सहसा काहीशे लक्सचा असतो, बाहेर ढगाळ दिवशीही तो हजारांत जातो. म्हणून संध्याकाळपेक्षा सकाळी बाहेर पडलेलं बरं. बायपोलर आजार (कधी बेफाम उत्साह, कधी खोल उदासी) किंवा डोळ्यांच्या पडद्याचा विकार असेल तर दिवा विचारल्याशिवाय वापरू नये.

आहार, पूरक गोळ्या, वनौषधी

ऑस्ट्रेलियातल्या ६७ जणांच्या चाचणीत (२०१७) बारा आठवडे आहार सुधारलेल्यांपैकी ३२ टक्के नैराश्यातून बाहेर आले, तुलनेच्या गटातले ८ टक्के. आकडा डोळ्यांत भरतो, पण गट लहान होता आणि बहुतेकांचे इतर उपचारही चालू होते. ड जीवनसत्त्व आणि ओमेगा-३ नैराश्य टाळतात का, हे १८,३५३ प्रौढांवर काही वर्षं तपासलं, टाळत नाहीत. रक्तात कमतरता निघाली तर ती भरून काढा, तेवढंच.

सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीचा मात्र खरा परिणाम आहे. २००८ च्या कॉक्रेन आढाव्यात २९ चाचण्यांतून ती नेहमीच्या औषधांच्या बरोबरीची दिसली. याच कारणाने मला ती या यादीत सर्वांत धोक्याची वाटते. गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणारं वॉर्फरिन, अवयवरोपणानंतरची औषधं, एचआयव्हीची औषधं, या सगळ्यांचा असर ती घटवते. नैराश्याच्या गोळ्यांसोबत घेतली तर सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन धोकादायक पातळीवर जाऊ शकतं. गोळ्या नकोत म्हणून हिच्याकडे वळणं म्हणजे गोळी घेणं, फक्त डॉक्टरांच्या नजरेआड.

दारूबद्दल एकच वाक्य: पहिला तास सोडला तर ती प्रत्येक तास बिघडवते.

ध्यान, लिखाण, पुस्तकं, ॲप

सजगतेवर (माइंडफुलनेस) आधारलेल्या ध्यानाच्या कार्यक्रमांचा मोठा उपयोग दुखणं पुन्हा उलटू नये यासाठी आहे. ४२४ जणांच्या चाचणीत (२०१५) दोन वर्षांत अशा गटातल्या ४४ टक्क्यांचं आणि गोळ्या चालू ठेवलेल्यांतल्या ४७ टक्क्यांचं दुखणं उलटलं. म्हणजे बरं झाल्यावर हा चांगला सोबती आहे. पण ऐन खाईत एकट्याने डोळे मिटून बसणं म्हणजे त्याच त्या विचारांच्या चरकात बसणं. माझ्या बाबतीत तरी तसंच झालं. मन मोकळं करून लिहिण्याचंही तेच. चार दिवस, पंधरा मिनिटं लिहून हलकं वाटलं तर उत्तम. तेच गाऱ्हाणं दहाव्यांदा कागदावर उतरत असेल तर वही मिटा आणि उठा.

पुस्तकं आणि ॲप यांची खरी अडचण ६९१ जणांच्या एका ब्रिटिश चाचणीत (२०१५) दिसली. संगणकावरची सीबीटी जवळपास एकट्याने करायला दिली, तर नेहमीच्या डॉक्टरी देखभालीपेक्षा वेगळा फायदा झाला नाही. बहुतेकांची मजल एक-दोन सत्रांपलीकडे गेलीच नाही. मधूनमधून फोन करून विचारणारं कुणी असलं की अशाच साहित्याचा गुण वाढतो.

कुणीतरी

ड्यूकचा गट, इंग्लंडचे कर्मचारी, फोन करणारा मदतनीस. जिथे उपाय चालला तिथे बाजूला माणूस आहे. पहिल्या वेळी माझ्याकडे मैत्रीण होती. तिला मी एवढंच म्हटलं होतं, "मला समजावू नकोस. फक्त साडेसहाला खाली येऊन उभी राहा." ती आली. पहिल्या आठवड्यात दोन दिवस मी उतरलेच नाही. ती दहा मिनिटं थांबून गेली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, काही न बोलता. हातातला मोजा पायात जायचा तो खाली ती उभी आहे म्हणून.

कुणाला सांगायचं तर असंच नेमकं सांगा. 'मला मदत कर' म्हटलं की समोरचा उपदेश करू लागतो. वेळ आणि काम सांगितलं की त्याला ते करता येतं.

किती दिवस थांबायचं

सुरू करायच्या आधी तारीख लिहा. मी सहा आठवडे धरते. दर दोन आठवड्यांनी पीएचक्यू-९ पुन्हा, आणि आकडा त्या मैत्रिणीला किंवा भावाला सांगायचा. पाच गुणांचा उतार हा खरा फरक मानतात. सहा आठवड्यांत तेवढा उतार नसेल तर डॉक्टरांकडे जायचं. पाच गुणांनी चढला, १५ च्या पुढे गेला, कामावर जाणं थांबलं, किंवा नवव्या प्रश्नाचं उत्तर बदललं, तर तारखेची वाट पाहायची नाही.

आकडा सुरुवातीलाच १५ किंवा वर असेल तर माझं मत स्पष्ट आहे: वही, झोप, चालणं सगळं करा, पण उपचारांच्या जागी नको, उपचारांच्या जोडीला. १९ वर असताना मी ते उपचारांच्या जागी करायला गेले. पहिल्या वेळी जमलं होतं याचा मला अभिमान होता, आणि त्या अभिमानापायी तीन आठवडे गेले. मैत्रीण तेव्हाही रोज साडेसहाला खाली उभी राहत होती. मी एकदाही उतरले नाही. तिसऱ्या आठवड्यात आकडा २१ आला, तेव्हा ती वर आली, माझ्या हातातून मोजा घेतला, स्वतः माझ्या पायात घातला आणि म्हणाली, "आज चालायला नाही, दवाखान्यात जाऊ."

डॉक्टरांनी वही मागून घेतली आणि तीन आठवड्यांची पानं वाचली. बरं वाटण्याच्या रकान्यात सगळीकडे शून्य होतं. त्यांनी गोळी लिहून दिली, वही परत केली आणि म्हणाले, उद्यापासून फक्त खिडकीची ओळ लिहा. पाचव्या आठवड्यात मी साडेसहाला खाली उतरले.